चौदावा दिवस

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या आयडाहो राज्यात डोंगरातल्या कुरणांवर मेंढ्या राखणाऱ्या लोकांनी विण्याच्या हंगामाची धास्ती घेतली होती. मेंढी व्यायची आणि कोकराच्या कपाळाखाली, बरोबर मध्यभागी, एकच डोळा असायचा. नाकाच्या जागी नाक नाही. क्वचित डोळ्याच्या वर सोंडेसारखा मांसाचा एक तुकडा. खालचा जबडा मात्र नीट वाढलेला, वरच्या जबड्याचा आधार नसल्यामुळे वर वळलेला. अशी कोकरं मेलेलीच जन्मत, नाहीतर थोड्याच वेळात दगावत. काही कळपांत तर चारातल्या एका कोकराची ही गत होती. कळपांचे मालक याबद्दल बाहेर फारसं बोलत नसत. रक्तातच खोट आहे अशी एकदा बोलवा झाली की त्या कळपातला एडका कोण विकत घेणार?

अखेर दशकाच्या मध्याला तक्रार अमेरिकी कृषी खात्यापर्यंत पोचली. युटा राज्यातल्या लोगन गावी या खात्याची विषारी वनस्पतींवर काम करणारी प्रयोगशाळा होती. तिथल्या वेन बिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी मालकांच्या मनातलीच शंका तपासली. सदोष कोकरं दिलेल्या मेंढ्यांचे आणि एडक्यांचे पुन्हा संकर करून पाहिले, तेव्हा कोकरं धडधाकट निघाली. रक्तात काही नव्हतं. मग लिन जेम्स हे संशोधक उन्हाळ्यात मेंढ्यांबरोबरच डोंगरात राहिले. मेंढ्या कुठे चरतात, कशाला तोंड लावतात, हे ते पाहत राहिले. उंचावरच्या ओलसर कुरणांत एक झाड भरपूर वाढायचं: जाड सरळ दांडा, चुण्या पडल्यासारखी रुंद पानं, शेंड्याला पांढरट फुलांचा तुरा. तिथले लोक त्याला कॉर्न लिली म्हणत, शास्त्रीय नाव व्हेराट्रम कॅलिफोर्निकम.

प्रयोगशाळेत गाभण मेंढ्यांना हे झाड खाऊ घालण्यात आलं आणि हळूहळू खरा प्रकार उलगडला. प्रश्न किती खाल्लं याचा होता, पण त्याहून जास्त कधी खाल्लं याचा होता. गर्भ राहिल्यापासून चौदाव्या दिवशी मेंढीने ते झाड खाल्लं तर एकडोळं कोकरू होतं. तो दिवस टळला तर तसा चेहरा होत नाही. महिन्याच्या आसपास खाल्लं तर पाय आखूड होतात, श्वासनलिका अरुंद होते, चेहरा शाबूत राहतो. मेंढपाळांना दिलेला सल्ला त्यामुळे सोपा होता: एडके कळपात सोडल्यापासून काही आठवडे मेंढ्यांना त्या कुरणांकडे फिरकू देऊ नका. सल्ला पाळला गेला आणि एकडोळी कोकरं थांबली.

चौदाव्या दिवशी मेंढीच्या गर्भाला चेहरा नसतो. डोळा नाही, नाक नाही, जबडा नाही. त्या सुमारास आखणी चालू असते ती मेंदूची. जो अवयव अजून जन्मालाच आलेला नाही, त्याला इजा झाली कशी? मेलेल्या कोकरांच्या कवट्या उघडल्यावर उत्तराची दिशा दिसली. पुढच्या मेंदूचे डावा-उजवा असे दोन अर्धगोल झालेलेच नव्हते. एकच सलग गोळा होता. काहींत पियुषिका ग्रंथीचाही पत्ता नव्हता, आणि अशा कोकरांच्या आयांना दिवस भरूनही कळा येत नव्हत्या. गर्भ पोटात वाढतच राहायचा. पुढे न्यूझीलंडच्या ग्रॅहॅम लिगिन्स यांनी मेंढ्यांवरच दाखवून दिलं की प्रसूतीचा इशारा गर्भाच्या पियुषिकेकडून निघतो. आयडाहोच्या मेंढ्यांची प्रसूती का लांबायची, हे त्यावरून कळलं. चेहऱ्यावरचं व्यंग, मेंदूतली उणीव आणि लांबलेली प्रसूती ही तिन्ही एकाच घावाची चिन्हं होती.

मेंदू घडताना चेहरा घडतो, याचा सुगावा त्याआधी अर्धशतक लागू लागला होता. जर्मनीत हान्स श्पेमान तान्ह्या बाळाच्या मऊ केसाचा फास करून न्यूटच्या अंड्याभोवती आवळायचे. अंडं अर्धवट विभागलं जाई आणि दोन डोक्यांचा जीव तयार होई. त्यातल्या काही डोक्यांवर एकच डोळा असल्याचं त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत नोंदवलं. १९०७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स स्टॉकार्ड यांनी फंड्युलस जातीच्या छोट्या माशांची अंडी मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यात वाढवली आणि एकडोळे मासे मिळवले. दैवी कोप, पूर्वजन्मीचं पाप, आईने पाहिलेलं अभद्र दृश्य असं ज्याच्याबद्दल शतकानुशतकं बोललं गेलं, ते काचेच्या भांड्यात क्षाराच्या द्रावणाने घडवून दाखवता येत होतं.

पुढचं पाऊल कॉर्नेल विद्यापीठाच्या हॉवर्ड अॅडलमन यांचं. १९३० च्या दशकात त्यांनी सॅलमँडरच्या भ्रूणात पुढच्या मेंदूच्या बरोबर खाली असलेला ऊतींचा एक लहानसा पट्टा काढून टाकला आणि भ्रूणाला एकच डोळा आला. डोळ्यांची जागा सुरुवातीला एकच असते. मधल्या रेषेवर खालून येणारा काहीतरी संदेश तिला दुभंगतो. आपल्या डोळ्याचा पडदा हा मुळात मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. मेंदू दुभंगला की डोळे दोन होतात, त्यांच्यामध्ये नाकाला जागा मिळते. मांडवाचा मधला खांबच उभा राहिला नाही तर दोन्ही बाजूंचं कापड मध्ये येऊन पडावं, तसा हा चेहरा मध्यरेषेवर कोसळतो.

पण नाक, गाल, जबडा यांची हाडं कुठून येतात? या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदा दिलं ते ज्युलिया प्लॅट या अमेरिकी संशोधिकेने. १८९३ मध्ये नेक्टुरस या सॅलमँडरचा अभ्यास करून तिने लिहिलं की डोक्यातली काही कूर्चा भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून येते. त्या काळच्या शास्त्रात हे जवळजवळ धर्मबाह्य होतं. हाडं आणि कूर्चा मधल्या थरातूनच येतात, असं सगळे धरून चालले होते. प्लॅटला बड्या संशोधकांनी खोडून काढलं. जर्मनीतून डॉक्टरेट घेऊनही तिला विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. ती कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्ह या किनाऱ्यावरच्या गावी गेली आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९३१ मध्ये, त्या गावची महापौर झाली. तिथल्या समुद्रजीवांना संरक्षण मिळवून देण्याचं श्रेयही तिचंच. तिचं प्राणिशास्त्रातलं म्हणणं मात्र ठाम पुराव्यासाठी अनेक दशकं थांबलं.

तो पुरावा फ्रान्समधून आला. निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये एक साधं निरीक्षण नोंदवलं: लाव पक्ष्याच्या पेशींचं केंद्रक रंगवलं की त्यात एक ठळक गडद ठिपका दिसतो, कोंबडीच्या पेशीत तो दिसत नाही. दोन्ही पक्षी जवळचे, एकाच्या पेशी दुसऱ्याच्या भ्रूणात निमूट सामावून जातात. अंड्याच्या टरफलाला बारीक खिडकी पाडायची, सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या भ्रूणातला मेंदूच्या कडेचा इवलासा तुकडा काढायचा, तिथे लाव पक्ष्याचा तसाच तुकडा बसवायचा, खिडकी बंद करून अंडं पुन्हा उबवणीला ठेवायचं. काही दिवसांनी पिल्लाचे काप घेऊन रंगवायचे आणि गडद ठिपके कुठे कुठे पोचलेत ते शोधायचं. ठिपके सापडले चोचीत, जबड्यात, नाकाच्या कूर्चेत, डोळ्यांभोवतीच्या हाडांत. मेंदूची नळी बंद होताना तिच्या कडेवरून ज्या पेशी सुटतात, त्या न्यूरल क्रेस्ट पेशी प्रवास करत पुढे येतात आणि चेहऱ्याचा सांगाडा रचतात. चेहरा मेंदूचा नुसता शेजारी नाही, तो मेंदूच्याच काठावरून आलेल्या पेशींचा आहे. प्लॅटचं म्हणणं खरं ठरलं.

याच काळात डॉक्टर मंडळी उलट बाजूने त्याच जागी पोचत होती. इंडियाना विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विल्यम डिमायर, वोल्फगांग झेमान आणि कॅरोलिन पामर यांच्यासमोर अशी बाळं येत, ज्यांच्या पुढच्या मेंदूची दोन अर्धगोलांत विभागणी झालेली नसे. या अवस्थेला होलोप्रोसेनकेफली म्हणतात. सीटी स्कॅन यायला अजून काही वर्षं होती. जिवंत बाळाच्या कवटीत काय आहे हे कळायचे मार्ग त्रासाचे आणि धोक्याचे होते. या तिघांनी १९६४ मध्ये दाखवलं की चेहरा पाहून आतल्या मेंदूचा अंदाज बांधता येतो. सर्वांत गंभीर रूपात एकच डोळा. त्यानंतर अगदी जवळ आलेले दोन डोळे आणि त्यांच्यात सोंडेसारखा भाग. मग जवळचे डोळे आणि एकाच नाकपुडीचं नाक. मग वरच्या ओठाचा मधलाच भाग नसणं आणि बसकं नाक. आणि त्याहून सौम्य रूपं. व्यंग मध्यरेषेच्या जितकं जवळ आणि जितकं खोल, तितकी मेंदूतली उणीव मोठी. हा नियम प्रत्येक बाळाला लागू पडत नाही, हे पुढच्या अनुभवाने कळलं. साधा चेहरा आणि सदोष मेंदू अशी बाळंही असतात. तरी जन्मलेल्या बाळाच्या तोंडाकडे नीट पाहणं हीसुद्धा मेंदूची तपासणी आहे, हे डॉक्टरांना पहिल्यांदा ठामपणे सांगितलं गेलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे दिसणारा फाटका ओठ बहुतेकदा मध्यावर नसतो, एका किंवा दोन्ही बाजूंना असतो, आणि त्याचा मेंदूतल्या अशा उणिवेशी सहसा संबंध नसतो. चेहऱ्याचे मधला, वरच्या जबड्याचे दोन आणि खालच्या जबड्याचे दोन असे पाच उंचवटे चौथ्या ते आठव्या आठवड्यात वाढत वाढत एकमेकांना येऊन भिडतात. बाजूचा ओठ फाटका राहतो तो हे भिडणं अपुरं राहिल्यामुळे. शस्त्रक्रियेने तो सांधता येतो.

मेंदू आणि चेहरा एकाच घडीला कसे दुखावतात, याचं आणखी एक उदाहरण दारूचं. १९७३ मध्ये सिअॅटलच्या डॉक्टरांनी गरोदरपणी भरपूर दारू प्यायलेल्या बायकांच्या मुलांचा एक सारखा चेहरा नोंदवला: डोळ्यांची फट आखूड, वरचा ओठ पातळ, नाकाखालची खळगी सपाट. या मुलांची बुद्धीही मागे राहिलेली असे. १९८१ मध्ये कॅथलीन सुलिक आणि सहकाऱ्यांनी गाभण उंदरांना सातव्या दिवशी दारू दिली. पिल्लांमध्ये तोच चेहरा उतरला आणि त्याच्यासोबत पुढच्या मेंदूची मध्यरेषाही कमी भरलेली दिसली. उंदराचा सातवा दिवस म्हणजे माणसाच्या गर्भाचा तिसरा आठवडा. पुष्कळ स्त्रियांना तोवर पाळी चुकल्याचंही लक्षात आलेलं नसतं.

आता उरला मधल्या रेषेवरून येणारा तो संदेश. तो सापडला माशीत. जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी फळमाशीच्या हजारो अळ्या तपासून शरीराची आखणी करणारी जनुकं शोधली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात एका जनुकाचं नाव हेजहॉग या काटेरी प्राण्यावरून ठेवलं होतं, कारण ते बिघडलं की अळी आखूड आणि काट्यांनी भरलेली दिसे. या कामाला १९९५ मध्ये नोबेल मिळालं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत याच घराण्यातलं एक जनुक १९९३ मध्ये मिळालं. व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून त्याचं नाव सॉनिक हेजहॉग पडलं. ते जिथे जिथे कामाला लागतं त्यांतली एक जागा होती अॅडलमन यांनी सॅलमँडरमधून काढून टाकलेला पट्टा.

१९९६ हे वर्ष निर्णायक ठरलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फिलिप बीची यांच्या गटातल्या चिन चियांग यांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांना एकच डोळा होता, डोळ्याच्या वर सोंड होती आणि मेंदू दुभंगलेला नव्हता. त्याच वर्षी मॅक्सिमिलियन मुंके आणि सहकाऱ्यांनी होलोप्रोसेनकेफली असलेल्या कुटुंबांत याच जनुकातले बदल दाखवले. त्या कुटुंबांतला एक तपशील फार बोलका आहे. बाळाचा मेंदू अविभक्त, पण तोच बदल वाहणाऱ्या आईच्या किंवा वडिलांच्या चेहऱ्यावर वरच्या जबड्यात दोन पुढच्या दातांऐवजी मध्यभागी फक्त एक दात. कुणाचे डोळे जरासे जवळ. कुणात काहीच नाही. असा एक दात दिसला तर दंतवैद्यालाही पुढची चौकशी करावीशी वाटली पाहिजे.

दोन वर्षांनी आयडाहोचं कोडंही पुरतं सुटलं. लोगनच्या प्रयोगशाळेत रिचर्ड कीलर यांनी १९६० च्या दशकातच कॉर्न लिलीतून घातक रसायन वेगळं करून त्याला सायक्लोपामीन असं नाव दिलं होतं. ते शरीरात नेमकं काय करतं, हे तीस वर्षं कुणाला माहीत नव्हतं. १९९८ मध्ये बीची यांच्या गटाने दाखवलं की पेशींना सॉनिक हेजहॉगचा संदेश ऐकूच येऊ नये, अशी व्यवस्था हे रसायन करतं. चौदाव्या दिवशी मेंढीच्या गर्भात हा संदेश सुटत होता आणि झाडातलं रसायन तो अडवत होतं. त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगात हाच संदेश नको तेव्हा चालू राहतो. त्याला अडवणाऱ्या औषधाला, व्हिस्मोडेजिबला, अमेरिकेत जानेवारी २०१२ मध्ये मान्यता मिळाली. गर्भार स्त्रीने ते चुकूनही घेऊ नये, ही त्याच्यावरची ठळक सूचना आयडाहोच्या मेंढ्यांच्या अनुभवाशी जुळणारी आहे.

एवढं झाल्यावरही एक शंका राहते. मेंदूचा संदेश चेहऱ्यापर्यंत पोचतो, की दोघांनाही एकाच वेळी मार बसतो इतकंच? सॅन फ्रान्सिस्कोत राल्फ मार्कुसिओ, डायेन हू आणि सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात कोंबडीच्या भ्रूणावर याचा छडा लावला. भावी चोचीच्या टोकाला त्वचेचा एक छोटा पट्टा असतो, तिथे सॉनिक हेजहॉग चालू होतं आणि वरचा जबडा पुढे वाढतो. तोच पट्टा दुसऱ्या भ्रूणाच्या चेहऱ्यावर लावला तर तिथे आणखी एक वरची चोच फुटते. पण हा पट्टा स्वतःहून जागा होत नाही. आधी मेंदूत हा संदेश चालू व्हावा लागतो. मेंदूतच तो अडवला, तर चेहऱ्यावर काहीही न करता चेहरा अरुंद होतो. संदेश थोडा कमी केला तर थोडा अरुंद, वाढवला तर रुंद, डोळे दूर. २०१० मध्ये त्यांनी आणि बेनेडिक्ट हालग्रिमसन यांच्या गटाने मोजमाप करून दाखवलं की हे बदल सलग असतात. एका टोकाला एकडोळं कोकरू, दुसऱ्या टोकाला फार रुंद चेहरा, आणि मधल्या पट्ट्यात आपण सगळे. त्याशिवाय वाढणारा मेंदू चेहऱ्याच्या उंचवट्यांना मागून आधार देतो, त्यांच्यातलं अंतर ठरवतो. मेंदू चेहऱ्याला जागाही देतो आणि हुकूमही.

आता धोक्याचं वळण येतं. मेंदूमुळे चेहरा घडतो, मग चेहरा पाहून माणसाची बुद्धी आणि स्वभाव का ओळखू नये? एकोणिसाव्या शतकाने हा प्रयोग करून पाहिला आहे आणि त्याची किंमत आपणही मोजली आहे. पुढे १९०१ च्या भारतीय जनगणनेचे प्रमुख झालेले हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड सिद्ध करू पाहिली. १९३२ मध्ये मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तीच मोजमापं पुन्हा तपासून दाखवलं की बहुतेक प्रांतांत ही उतरंड नाकांवरून सिद्ध होत नाही. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड आणि लूव्हेन इथल्या संशोधकांनी १९,६४४ माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा आणि जनुकं पाहिली. मेंदूच्या आकाराशी संबंधित ४७२ जागा जनुकांत सापडल्या, त्यांपैकी ७६ जागा चेहऱ्याच्या आकारालाही कारण होत्या. मेंदू आणि चेहरा एकमेकांना घडवतात, हे निरोगी माणसांतही दिसलं. पण या सामायिक जागांचा आणि बुद्धी, वागणूक यांच्याशी संबंधित जनुकांचा लक्षणीय मेळ सापडला नाही. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत मेंदूचा आकार चेहऱ्यावर उतरतो. पुढे त्या मेंदूत माणूस काय विचार करेल, ते चेहऱ्यावरून कळत नाही.

जपानमध्ये १९७७ साली एका मोठ्या पाहणीत दिसलं की सुरुवातीच्या गर्भांत होलोप्रोसेनकेफलीचं प्रमाण अडीचशेत एक इतकं असतं. जन्मापर्यंत ते दहा हजारांत एकाच्या आसपास उतरतं, कारण असे बहुतेक गर्भ आधीच गळून पडतात. प्रत्येक आईच्या पोटात तिच्या नकळत किती नाजूक आखणी चालू असते, हे या आकड्यांवरून कळतं. आपल्याकडे आजही बाळाचा ओठ फाटका असला की ग्रहणात आईने काही चिरलं असेल, असं म्हणणारे घरात सापडतात. आयडाहोच्या मालकांनी कळपाच्या रक्ताला दोष दिला, आपण सुनेच्या हाताला देतो. खरी कारणं वेगळी आहेत: एखाद्या जनुकातला बदल, एखादं रसायन, आईचा काबूत नसलेला मधुमेह, दारू, आणि पुष्कळदा निव्वळ योगायोग. यातली काही टाळता येतात. मूल हवं असं ठरल्याच्या दिवसापासून, पाळी चुकण्याची वाट न पाहता, मधुमेह आटोक्यात ठेवणं, दारू सोडणं आणि चालू औषधं डॉक्टरांना दाखवून घेणं एवढं प्रत्येक घराला जमू शकतं. बाळ चेहऱ्याच्या मध्यरेषेवरचं व्यंग घेऊन जन्मलंच, तर पहिला प्रश्न त्याच्या मेंदूच्या तपासणीचा असू द्या. आईच्या वागण्याची उलटतपासणी करायचं काहीच कारण उरलेलं नाही.